नर्सिंगचे शेवटचे वर्ष आणि नोकरीचा शोध : आलापल्ली परिसरातील पालक व विद्यार्थिनींसाठी

आलापल्ली हे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला सागवान आठवते. लाकडाचा व्यापार, ट्रकची वाहतूक, गॅरेज, किराणा आणि कापडाची लहान दुकाने यांवर येथील अनेक घरे आजवर चालली. आता त्याच घरांतील मुली गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर येथे नर्सिंगच्या शिक्षणासाठी जाऊ लागल्या आहेत. बापाने ट्रकच्या फेऱ्या वाढवून किंवा आईने दागिना मोडून फी भरलेली असते. साहजिकच शेवटचे वर्ष सुरू झाले की घरात एकच विषय निघतो. चौकात भेटणारे पालक आम्हाला विचारतात, "पुढच्या महिन्यात मुलीचे शिक्षण संपते आहे, आता नोकरीचे कसे करायचे?" आमचे उत्तर त्यांना आवडत नाही. पुढचा महिना म्हणजे उशीर झाला. हे काम परीक्षेच्या सहा-आठ महिने आधी सुरू व्हायला हवे होते.

असे आम्ही का म्हणतो, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. आमच्या परिचयातील एक मुलगी जी.एन.एम. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. निकाल लागल्यावर ती घरी आली, नात्यातील दोन लग्ने झाली, पावसाळा गेला. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीसाठी अर्ज करायचा, तो राहून गेला. मग अर्ज केला तर दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एका प्रकारे आणि जी.एन.एम.च्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या प्रकारे. त्याची दुरुस्ती होईपर्यंत शासकीय भरतीची जाहिरात निघाली आणि अर्जाची मुदत संपलीही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिनांकापर्यंत नोंदणी झालेली असावी, अशी अट जाहिरातीत स्पष्ट होती. हुशार मुलगी, पण परीक्षेला बसताच आले नाही. पुढची मोठी भरती कधी निघेल हे कोणाच्याच हाती नसते.

म्हणून पहिली गोष्ट नोंदणीची. ए.एन.एम., जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग यांपैकी काहीही शिकलेले असो, परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्याशिवाय कायद्याच्या दृष्टीने ती मुलगी परिचारिका नव्हे. महाराष्ट्रात ही नोंदणी १९६६ च्या परिचारिका अधिनियमाखाली होते. निकाल हाती येताच त्याच आठवड्यात अर्ज करावा. त्यासाठी लागणारे कागद शेवटच्या वर्षातच गोळा करून ठेवावेत : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका, संस्थेचे दाखले, आधार कार्ड. पुढे ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते व त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांचे सततचे शिक्षण दाखवावे लागते. कार्यशाळांची प्रमाणपत्रे कपाटात फेकून न देता फाईलमध्ये लावावीत, ती याच कामी येतात.

नावाच्या फरकाकडे आमच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या समाजात हा घोळ फार होतो. शाळेत मास्तरांनी लिहिले तसे एक नाव, आधारवर दुसरे. कोठे 'शेख' आधी तर कोठे शेवटी, कोठे 'बी' लागलेले तर कोठे गाळलेले, वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण तर दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर. इंग्रजी अक्षरांत तर एकाच नावाची तीन-तीन रूपे सापडतात. घरात याला कोणी चूक मानत नाही, पण कागदपत्रे तपासणारा कारकून मानतो. शेवटच्या वर्षात सर्व कागद एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. दहावीचे प्रमाणपत्र मूळ धरून आधार, बँक खाते व कॉलेजची नोंद त्यानुसार दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्ती मोठी असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करण्याचा मार्ग आहे. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर नोंदणी आधी की नावबदल आधी, हेही घरात ठरवून घ्यावे. अर्धे कागद माहेरच्या आणि अर्धे सासरच्या नावाने असले की पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा द्यावा लागतो.

दुसरा विषय जातीच्या दाखल्याचा. मोमीन, मन्सुरी, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या मागासवर्गीय यादीत आहेत, तरीही किती घरांत दाखला काढलेला असतो? दाखला, त्याची वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ही तीन वेगवेगळी कामे आहेत आणि तिन्हींना वेळ लागतो. ज्यांची बिरादरी यादीत नाही व ज्यांना दुसरे कोणतेही आरक्षण नाही, त्यांच्यासाठी २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे दहा टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असले पाहिजे. उत्पन्नावर अवलंबून असलेले दाखले मुदतीचे असतात, म्हणून जाहिरातीत मागितलेल्या वर्षाचाच दाखला जोडावा. अहेरीच्या तहसील कार्यालयात हे अर्ज करता येतात. परीक्षा संपल्यावर नव्हे, दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आलेली असतानाच ते काम उरकावे.

आता कोणत्या शिक्षणाला कोणते पद, ते थोडक्यात सांगतो. दोन वर्षांचे ए.एन.एम. केलेल्या मुलीला उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्य सेविकेचे पद मिळू शकते. जी.एन.एम. आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी रुग्णालयातील अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्सचे पद. सातव्या वेतन आयोगानुसार आरोग्य सेविकेची वेतनश्रेणी २५,५०० रुपयांपासून आणि अधिपरिचारिकेची ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्या नियमित कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ आहे, ही गोष्ट बाहेरच्या उमेदवारांना ठाऊक नसते. आपल्या मुलींना ठाऊक असावी.

येथेच एक सावधगिरीची सूचना. सहा महिन्यांत किंवा एका वर्षात 'नर्स' करून देतो म्हणणारे वर्ग गावोगाव निघतात. मान्यता नसलेल्या अशा वर्गाच्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषद नोंदणी करीत नाही. धाकटी बहीण नर्सिंगला घालायची असेल तर संस्थेला परिषदेची मान्यता आहे काय, हे परिषदेच्या यादीत पाहूनच पैसे भरावेत.

शासकीय भरतीचे तीन दरवाजे वेगळे आहेत आणि पालक त्यांची गल्लत करतात. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे. अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय आणि आलापल्लीच्या आसपासचे एखादे उपकेंद्र रस्त्याने जवळ असले, तरी भरती करणारे वेगळे. २०२३ साली हे तिन्ही दरवाजे पाठोपाठ उघडले होते. वैद्यकीय शिक्षण विभागाची परीक्षा झाली. ऑगस्टमध्ये आरोग्य विभागाची १०,९४९ पदांची आणि त्याच महिन्यात जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची जाहिरात निघाली (ही आरोग्यासह सर्व संवर्गांची एकूण संख्या होय). ज्या मुलींचे कागद तयार होते त्यांनी तिन्ही अर्ज भरले. परीक्षा संगणकावर होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन यांचे प्रश्न असतात आणि नर्सिंगचे असतात ते वेगळे. आपल्या मुली नर्सिंगच्या विषयात मागे पडत नाहीत, मराठी व्याकरण आणि बुद्धिमापनात गुण घालवतात. शेवटच्या वर्षात रोज अर्धा तास या दोन विषयांना दिला तरी फरक पडतो.

आलापल्लीच्या वाचकांना पेसाचा विषय समजून घ्यावाच लागेल. अहेरी, एटापल्ली, भामरागड या पट्ट्यातील बहुतेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. राज्यपालांच्या अधिसूचनांनुसार या क्षेत्रातील आरोग्य सेविकेसारखी काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरण्याची तरतूद आहे. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, नियुक्त्या अडकल्या, आणि २०२४ मध्ये निवड झालेल्या उमेदवारांना तात्पुरत्या मानधनावर घेण्याचा निर्णय शासनाने केला. गोंड, माडिया मुलींना यातून गावाजवळ संधी आहे व ती त्यांना मिळाली पाहिजे. माडिया बाई बाळंतपणाला आली तर तिच्या भाषेत बोलणारी सिस्टर जवळ असणे ही चैन नव्हे. इतर समाजांच्या मुलींनी मात्र 'आलापल्लीच्या बाहेर जाणार नाही' असा हट्ट धरून चालणार नाही. बिगर-पेसा जागा, रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या जागा आणि दुसऱ्या जिल्ह्यांच्या जाहिराती यांकडे त्यांनी लक्ष ठेवावे.

नियमित भरती निघेपर्यंत बसून राहू नये. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी जागा जिल्हा पातळीवर भरल्या जातात. गेल्या काही वर्षांतील जाहिरातींत स्टाफ नर्सला २०,००० आणि ए.एन.एम.ला १८,००० रुपये मानधन दिसते. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांसाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद आहे. त्याला २५,००० रुपये मानधन व कामगिरीनुसार १५,००० पर्यंत मोबदला, अशी रचना राहिली आहे. ही नेमणूक उपकेंद्रावर असते, डॉक्टर जवळ नसतो, म्हणून जबाबदारीही मोठी. कंत्राटी नोकरीत कायमपणाचा प्रश्न राहतोच. दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले. म्हणून कंत्राटी जागा घ्यावी, काम शिकावे, अनुभवाचे प्रमाणपत्र मिळवावे, आणि नियमित परीक्षांचे अर्ज भरणे थांबवू नये.

आपल्या भागात दोन संस्था अशा आहेत की ज्यांच्याकडे काम पाहायला देशभरातून लोक येतात आणि आपण मात्र बसमधून त्यांची पाटी पाहून पुढे जातो. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना हेमलकसा लागते. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथील दवाखाना उभा केला. धानोरा तालुक्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था शोधग्राम येथे आहे. गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली तर बालमृत्यू किती घटतात, हे त्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत दाखवले. ६२ टक्के घट नोंदवणारा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला व पुढे ही पद्धत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात आली. अशा ठिकाणी जागा असो वा नसो, शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत चार दिवस काम पाहण्याची परवानगी मागणारे पत्र लिहायला काय हरकत आहे? अलीकडे एटापल्ली तालुक्यात हेडरी येथे लोहखाण कंपनीचे रुग्णालयही सुरू झाले आहे. तेथेही परिचारिका लागतातच.

खासगी रुग्णालयांचा मार्ग सर्वांत लवकर उघडतो. चंद्रपूर शंभराहून अधिक किलोमीटर, नागपूर त्याहून पुष्कळ दूर, म्हणजे मुलीला राहण्याची सोय करावी लागणार. पालकांची खरी अडचण पगाराची नसते, रात्रपाळीची असते. ती लपवून न ठेवता मुलाखतीतच विचारावी. वसतिगृह आहे काय, रात्री ये-जा करायला वाहन आहे काय, महिन्यात किती रात्रपाळ्या येतात, डोक्यावर रुमाल बांधायचा असेल तर गणवेशाबाबत काय नियम आहे, हे सारे आधी स्पष्ट झालेले बरे. रात्रपाळीशिवाय रुग्णालयातील परिचारिका नसते, हेही पालकांनी मान्य करावे. लहान दवाखान्यात केवळ दिवसपाळी मिळते म्हणून मुलीला तेथेच ठेवले तर अतिदक्षता विभाग, प्रसूतिगृह, शस्त्रक्रियागृह यांचा अनुभव तिला मिळत नाही आणि पुढच्या जाहिरातीत तोच मागितला जातो. पन्नास किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयातील अनुभवाला जी किंमत आहे ती दहा खाटांच्या दवाखान्यातील अनुभवाला नाही.

पगाराबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाची शिफारस केली. दोनशेहून अधिक खाटा असतील तर राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन. शंभर ते दोनशे खाटांत ते त्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये. प्रत्यक्षात किती ठिकाणी असे वेतन मिळते ते आम्ही पाहतोच आहोत. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली व ती झाली नाही. तरीही मुलाखतीत आकडा सांगण्याची वेळ आली तर हा आधार हाताशी असावा. गप्प बसणाऱ्या मुलीपुढे सर्वांत कमी आकडा ठेवला जातो.

नेमणूकपत्र लेखी घ्यावे. पद, मासिक वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, नोकरी सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची, हे त्यात असावे. मूळ गुणपत्रिका किंवा नोंदणी प्रमाणपत्र कोणाकडेही जमा ठेवू नये. छायांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद दाखवून परत घ्यावेत. 'दोन वर्षे सोडणार नाही, सोडल्यास इतके हजार भरीन' अशा करारावर घाईने सही करू नये. आमच्या ओळखीच्या एका मुलीचे मूळ कागद एका रुग्णालयाने ठेवून घेतले होते आणि शासकीय नोकरीच्या कागदपत्र तपासणीच्या दिवशी ते मिळवताना तिच्या वडिलांना दोन दिवस नागपुरात बसून राहावे लागले.

मुलाखतीत काय विचारतात? 'स्वतःविषयी सांगा' याचे पाठ केलेले उत्तर सर्वजणी देतात. नंतर प्रश्न कामाचे येतात आणि तेथे गडबड होते. सलाईनचा वेग हा नेहमीचा प्रश्न. ५०० मिली चार तासांत द्यायचे आहे, संच एका मिलीला १५ थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० ला १५ ने गुणावे, ७,५०० थेंब झाले. चार तासांची २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ३१ थेंब. हे तोंडी आले पाहिजे. झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहतात, व उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवतात, हेही विचारले जाते. गडचिरोली जिल्ह्यातील जागेसाठी मुलाखत असेल तर तीन विषय पक्के करावेत : मलेरिया, सिकलसेल आणि सर्पदंश. सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून गोठते की नाही हे पाहायचे, ही साधी चाचणी ज्या मुलीने स्वतःच्या हाताने केली आहे ती सांगतानाच ओळखू येते. प्रशिक्षणाच्या काळात आपण किती प्रसूती पाहिल्या, किती केल्या, किती टाके घातले, यांची नोंदवही नीट ठेवावी व मुलाखतीला सोबत न्यावी. आणि अर्जात भाषांच्या रकान्यात नुसते 'मराठी, हिंदी' लिहून थांबू नये. आलापल्लीच्या बाजारात वाढलेल्या मुलीला तेलुगू समजते, कित्येकींना गोंडी किंवा माडिया कामापुरती येते. नागपूरच्या उमेदवाराकडे हे नसते. तेलुगू येणाऱ्या मुलींना मंचेरियाल, करीमनगर जवळचे वाटते. पण महाराष्ट्रातील नोंदणीवर तेलंगणात काम करण्यासाठी येथील परिषदेचे ना-हरकत पत्र घेऊन तेथे नोंदणी करावी लागते.

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत 'एम्स'ची सामाईक परीक्षा २०२० पासून होते व नागपूरच्या 'एम्स'साठीही तीच. बी.एस्सी. झालेल्यांना ती थेट देता येते. जी.एन.एम. झालेल्यांना नोंदणीनंतर पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. मूळ वेतन ४४,९०० रुपये. रेल्वेच्या २०२४ च्या जाहिरातीत नर्सिंग सुपरिंटेंडेंटची ७१३ पदे होती व जी.एन.एम. उमेदवार त्यास पात्र होते. आपल्या शेजारी वेस्टर्न कोलफील्ड्सची रुग्णालये आहेत, त्यांच्या जाहिरातींवरही नजर असावी.

आखाती देशांची ओढ आपल्या समाजात जुनी आहे. नव्याने उत्तीर्ण झालेल्या मुलीने त्याची घाई करू नये, कारण तेथे साधारणतः दोन वर्षांचा रुग्णालयीन अनुभव, कागदपत्रांची पडताळणी आणि त्या देशाची परवाना परीक्षा लागते. सौदी, कुवेत, अमिराती यांसह अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना २०१५ पासून केंद्र सरकारची उत्प्रवास परवानगी आवश्यक आहे. 'आधी भेटीच्या व्हिसावर चला, तेथे काम लावून देतो' असे म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नये. नोंदणीकृत एजंटलाही कायद्याने ३०,००० रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक घेता येत नाही. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये करार केला आहे. तेथे मुख्य अडचण भाषेची असते व ती शिकण्यात सहज वर्ष जाते.

शेवटी एक लहानशी गोष्ट, जिच्यामुळे आम्ही संधी गेलेल्या पाहिल्या आहेत. अर्ज भरताना मुली वडिलांचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल क्रमांक देतात. वडील ट्रक घेऊन छत्तीसगडला गेलेले असतात आणि प्रवेशपत्राचा संदेश त्यांच्या फोनवर येऊन पडतो. कॅफेवाला पासवर्ड विसरतो. मुलीच्या नावाचा वेगळा क्रमांक आणि वेगळा ई-मेल शेवटच्या वर्षातच काढावा, अर्जाचा क्रमांक व पासवर्ड वहीत लिहून ठेवावा, आणि परीक्षेचे केंद्र नागपूरला असेल तर आलापल्लीहून पहाटे न निघता आदल्या दिवशीच पोहोचावे. पावसाळ्यात तर दोन दिवस आधी.